पाण्याचे देणे

निवृत्त झाला की माणूस सुखी होतो, असा एक समज आहे. ज्यांना अजून निवृत्त व्हायचे आहे त्यांनीच तो रूढ केलेला असावा. एका सरकारी कचेरीत हिशेब तपासताना सदतीस वर्षे मीही तो जिवापाड जपला होता. बोरिवलीहून सकाळची गाडी पकडायची, चर्चगेटपर्यंत कुणाच्या तरी कोपराखाली मान घालून उभे राहायचे आणि मनाशी म्हणायचे, 'एकदा ही गाडी सुटली, की मग मजाच मजा!' २००६ साली ती गाडी सुटली. पहिले सहा महिने खरोखरच मजेत गेले. पुस्तकांना कव्हरे घातली, जुन्या पत्रांचे गठ्ठे लावले, कुलूपवाडीपासून दत्तपाड्यापर्यंतच्या साऱ्या भाजीवाल्यांचे भाव तोंडपाठ केले. सातव्या महिन्यात एके सकाळी वर्तमानपत्र तिसऱ्यांदा वाचून संपवले आणि घड्याळाकडे पाहिले, तो अवघे साडेनऊ वाजले होते. त्या दिवशी मला प्रथम भीती वाटली.

आमच्या घरात ही भीती मला एकट्यालाच होती. आमच्या सौ.ला निवृत्ती कधी मिळाली नाही आणि तिने ती कधी मागितलीही नाही. पहाटे उठावे, आंघोळ करून दहा मिनिटांत पूजा आटपावी आणि कळशी कमरेवर घेऊन खाली उतरावे, हा तिचा क्रम. इमारतीच्या फाटकाबाहेर, भिंत आणि पिंपळ यांच्यामधल्या सावलीत तिचा माठ असे. खाली लाकडी तिवई, माठाभोवती ओले गोणपाट, तोंडावर धुतलेले फडके, त्यावर झाकण. आत वाळ्याची एक जुडी. शेजारी खिळ्याला लांब दांड्याचे ओगराळे आणि स्टीलचे दोन पेले. गुढीपाडव्याला माठ बाहेर यायचा तो मृगाची सर येईपर्यंत. पुन्हा आश्विनात ऊन तापले, की दसऱ्यापासून दिवाळी उलटेपर्यंत.

आम्ही बोरिवलीला राहायला आलो १९७८ साली. पुढच्याच पाडव्याला हा माठ तिथे दिसला, आणि मग एकही वर्ष चुकला नाही. मी हिशेबातला माणूस. तिची थट्टा करायची म्हणून एकदा विचारले, "आजवर इतक्या कळश्या ओतल्यास, चित्रगुप्ताच्या वहीत तुझ्या नावावर किती जमा झाले?"

ती म्हणाली, "वही तुमची. मला आपलं पाणी कळतं."

"पण पितो तरी कोण?"

"तहानलेला."

एवढे बोलून ती कळशी घेऊन वर गेली. तिच्या बोलण्यावर पुढे काय बोलावे हे मला चाळीस वर्षांत कधी सुचले नाही.

ती देवभोळी नव्हती, पण देवाची होती. मी मात्र कुणाचाच नव्हतो. पूजेच्या वेळी मी वर्तमानपत्र वाचत असे. तिने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, कारण माझे देवाशी बोलणे का बंद झाले हे तिला ठाऊक होते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, १९७६ साली, मी ते तिला सांगितले होते. ते इथेही सांगितले पाहिजे. त्यावाचून या माठाची गोष्ट पुरी होणार नाही.

माझे गाव महाडपासून तीन कोसांवर. १९५७ सालची दिवाळी. मी नऊ वर्षांचा होतो. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी आजीने न्हाणीतला तांब्याचा हंडा चिंचेने घासून लखलखीत केला होता. त्यात पाणी भरले, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि हळदकुंकू वाहून हात जोडले. रात्री तिने आम्हा मुलांना एकनाथांची गोष्ट सांगितली. काशीची कावड घेऊन नाथ रामेश्वराला निघाले होते. वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडत होते. नाथांनी देवासाठी आणलेले गंगेचे पाणी त्याच्या तोंडात ओतले. सांगताना आजीचा गळा दाटून आला आणि आम्हीही डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावाबाहेरच्या वस्तीतला एक लाकूडफोड्या अंगणात लाकडे फोडून थकला आणि पायरीपासून लांब उकिडवा बसून त्याने पाणी मागितले. आजी तांब्या घेऊन ओटीच्या कडेवर उभी राहिली. त्याने ओंजळ तोंडाशी धरली आणि आजीने वरून, हात उंच करून, धार सोडली. धार नेमकी ओंजळीत कशी पडणार? निम्मे पाणी त्याच्या दाढीवरून आणि मनगटावरून ओघळून धुळीत गेले. तांब्या रिकामा झाला, तशी आजी आत वळली. त्याने आणखी मागितले नाही. मनगट तेवढे ओठांना लावले.

मी आजीच्या मागे गेलो आणि विचारले, "आजी, नाथांनी गाढवाला पाणी वरूनच ओतलं का गं?"

आजी काही बोलली नाही. वडिलांनी मात्र माझ्या थोबाडीत दिली. त्या दुपारनंतर मी देवापुढे हात जोडले ते केवळ कुणी जोडायला लावले म्हणून.

आमच्या गावापासून इतक्या जवळ काय घडून गेले होते, ते मला मोठेपणी वाचून कळले. १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मांडला आणि तो संमत झाला. दुसऱ्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळे खुले केले, पण ते कागदावर. अखेर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह त्या तळ्यावर चालत गेले आणि तिथले पाणी प्याले. त्यानंतर तळे 'शुद्ध' करून घेण्यात आले, कोर्टकचेऱ्या झाल्या. हायकोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. म्हणजे माझ्या आजीने वरून धार सोडली, तेव्हा तळ्याच्या सत्याग्रहाला तीस वर्षे होऊन गेली होती आणि निकालाला वीस. तळ्यापासून आमच्या ओटीपर्यंतचे तीन कोस चालायला पाण्याला याहूनही अधिक काळ लागला.

आजी दुष्ट नव्हती. तिच्या हातचे खाऊन कितीतरी पोरे वाढली. हेच मला सोसत नव्हते. गाढवासाठी रडणाऱ्या डोळ्यांना समोरच्या माणसाचे ओले मनगट दिसू नये, तर ती श्रद्धा घेऊन करायचे काय?

हे सगळे ऐकून घेऊन नवी नवरी असलेली आमची ही काहीच बोलली नव्हती. पणतीत तेल घालायला उठून गेली होती. तिला कंटाळा आला असावा, असे मला तेव्हा वाटले.

२०१८ च्या माघात ती गेली. आजार फार दिवसांचा नव्हता. मुलगा बंगळूरहून आला, महिनाभर राहिला, मला घेऊन जाण्यासाठी हट्ट धरून बसला. मी नाही म्हटले. तो गेल्यावर घर इतके शांत झाले की फळीवरचे भांडे आपोआप सरकले तरी दचकायला होई. साडेनऊची ती जुनी भीती आता पहाटे साडेचारलाच येऊन उशाशी बसू लागली. जेवायचे कशासाठी, उठायचे कशासाठी, या प्रश्नांना तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत पुष्कळ उत्तरे आहेत. पहाटे साडेचारला त्यांतले एकही आठवत नाही.

पाडवा आला आणि गेला. माठ वरच्या गॅलरीत पालथा होता. त्याच्याकडे माझे लक्षही नव्हते.

चैत्र अर्धा झाला असेल. मी दूध घेऊन फाटकातून आत शिरत होतो. राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यावरून करवंदांची पाटी घेऊन येणारी एक वारली बाई पिंपळाखाली उभी होती. तिथे तिवई नाही, माठ नाही, नुसती भिंतीवर ओलीची जुनी खूण. तिने मला विचारले, "आजीचा माठ कुठं गेला?"

आजी गेली, असे मी सांगितले. ती क्षणभर थांबली, पाटीतली ओंजळभर करवंदे पानावर काढून माझ्या हातात ठेवली आणि पाणी न पिताच निघून गेली. त्या करवंदांचे पैसे द्यायचेही मला सुचले नाही.

पिंपळाच्या पलीकडच्या अंगाला एक काका चपला सांधायला बसतात. इमारतीतली पोरे त्यांना काका म्हणतात, म्हणून सगळेच म्हणतात. ते हे पाहत होते. म्हणाले, "साहेब, माठ बंद करू नका. वहिनींचं देणं होतं ते."

"कसलं देणं?"

मग त्यांनी जे सांगितले ते मी त्यांच्याच शब्दांत लिहितो. "पहिल्या वर्षी मी इथं नवाच बसायला लागलो होतो. वहिनी माठ भरत होत्या. मी पाणी मागितलं आणि सवयीनं लांब उभा राहून ओंजळ धरली. वहिनींनी पाणी ओतलं नाही. ओगराळं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, आपल्या हातानं घ्या. मी घेईना, तर म्हणाल्या, घ्या हो, आमच्या घरावर एका ओंजळीचं देणं आहे, ते फेडायचंय. तेव्हापासून बघतोय. चाळीस वर्षांत वहिनींनी कुणाला पाणी ओतून दिलं नाही. ज्यानं त्यानं आपल्या हातानं घ्यायचं."

मी पायरीवर बसलो. दुधाची पिशवी बाजूला कलंडली, तीही काकांनी सावरली. चाळीस वर्षे जो माठ मी रोज ओलांडत होतो, तो माझ्याच गोष्टीचे उत्तर होता. पणतीत तेल घालायला उठली तेव्हा ती कंटाळलेली नव्हती. देणे किती, ते तिने ऐकून घेतले होते, आणि उरलेला सारा जन्म ते हप्त्याहप्त्याने फेडले होते. आणि हिशेबनीस मी होतो!

दुसऱ्या दिवशी मी माठ खाली आणला.

हे काम दिसते तितके सोपे नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळले. वर्षभर कोरडा पडलेला माठ एकदम भरला, तर नको तिथून गळतो. त्याला दोन दिवस भिजत ठेवावे लागते. साबण लावला, की पाण्याला तो वास महिनाभर येतो. आतून नारळाच्या शेंडीने घासायचे असते. काळ्या मातीचा बरा की लाल मातीचा, यावर स्टेशनाबाहेर माठ विकणारी बाई अर्धा तास बोलू शकते आणि तिचे ऐकावे. माठ पाझरतो म्हणूनच थंड होतो. जो पाझरत नाही तो नुसता भांडे म्हणून चांगला. पाणी रोज बदलायचे, नाहीतर डास होतात, आणि सोसायटीच्या सभेत माठाचा विषय 'इतर' या सदरात निघतो. तो निघालाही. एका सभासदांना डेंग्यूची काळजी होती, दुसऱ्यांना पेले चोरीला जाण्याची. मी रोज माठ रिकामा करून झाडाला पाणी घालतो आणि पेले माझे आहेत, चोरणाऱ्यालाही तहान लागली असेल, असे म्हटल्यावर विषय संपला.

तिसऱ्या मजल्यावरून कळशी उतरवताना माझे गुडघे बोलू लागले. पण पहाटे साडेचारला ती भीती आली, की तिला सांगायला माझ्याकडे आता काहीतरी होते, 'थांब, मला माठ भरायचा आहे.' दोनतीन महिन्यांनी ती यायचीच थांबली. केव्हा थांबली, ते मला सांगता येणार नाही. सुख येते तेव्हा ते चोरपावलांनी येते आणि आपण दुसऱ्या कामात असताना घरात बसलेले आढळते.

लोकही दिसू लागले. चाळीस वर्षे तेच लोक त्याच वाटेने जात होते, पण मी गाडीच्या घाईत होतो. हायवेवरून येणारे हमाल, पार्सले पोचवणारी पोरे, भर दुपारी शाळेतून सुटलेली मुले, पाड्यावरच्या बायका. नमस्कारचमत्कार कुणी करत नाही आणि आभार मानायला कुणी थांबत नाही. ओगराळे बुडते, पेला भरतो, माणूस दोन घोट घेऊन डोळे मिटतो. डोळे मिटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे येते ते पाहून मला प्रथमच वाटले, की देवळात लोक डोळे मिटून उभे राहतात ते बहुधा याचसाठी.

२०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी लागली आणि माठ पालथा घालावा लागला. एका ओगराळ्याला सर्वांचे हात लागणार, ते त्या दिवसांत परवडण्यासारखे नव्हते. माझ्या वयाच्या माणसांनी घराबाहेर पडू नये असा हुकूम होता. पण हायवेवरून माणसे चालत गावी निघाली होती. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरे, आणि उन्हाळा ऐन भरात. गॅलरीतून ती दिसत नव्हती, पण पहाटे त्यांचा आवाज येई. मी इमारतीतल्या घरोघरच्या रिकाम्या बाटल्या दाराबाहेर ठेवायला सांगितल्या, त्या उकळत्या पाण्याने धुतल्या, पाणी उकळून गाळून भरले, आणि पहाटे फाटकाच्या भिंतीवर ओळीने मांडून वर आलो. संध्याकाळी एकही उरली नव्हती. पन्नास दिवस हे चालले. त्या पाण्यातला एक घोटही घेताना मी कुणाला पाहिले नाही. पाहायचे असते तर ते काम झाले नसते. देणारा आणि घेणारा यांच्यामधून जेव्हा दोघांचेही तोंड नाहीसे होते, तेव्हा मधे नुसते पाणी राहते, हे मी त्या पन्नास दिवसांत शिकलो. तिला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

हे काही आमच्या गल्लीचेच वैशिष्ट्य नव्हे. माणसाने देवाचे नाव घेऊन पाणी देण्याची रीत फार जुनी आणि फार दूरवर पसरलेली आहे. आपल्याकडे अक्षय्यतृतीयेला पितरांच्या नावाने उदककुंभ देतात. पैठणला नाथषष्ठीच्या वेळी नाथांच्या वाड्यातला रांजण भरायला लोक रांग लावतात. कैरो आणि इस्तंबूल येथे धर्मासाठी बांधलेल्या दगडी सबिली आहेत, आणि मोहरममध्ये मुंबईच्या गल्ल्यांतूनही सबिली लागतात. चर्चगेटला, समुद्र इतक्या जवळ असताना, भिखा बेहराम या पारशी गृहस्थाने १७२५ साली विहीर खणवली, तर तिला गोडे पाणी लागले. त्या विहिरीवरून मी सदतीस वर्षे घाईने गेलो होतो.

आणि सगळ्यांत जुनी गोष्ट तर माझ्या उशाशीच होती. बोरिवलीच्या लोकांना कान्हेरी म्हणजे पाहुणे आले की दाखवायची जागा. मीही पाहुण्यांना दगडी खांब दाखवून, तळलेल्या पापड्या खाऊन परत येत असे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या शोभना गोखले यांचा कान्हेरीच्या शिलालेखांवरचा ग्रंथ १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्याच्याबद्दल ग्रंथालयात कुणी सांगितले, तेव्हा मी तो मिळवून, अडखळत का होईना, वाचला, आणि मग एकटाच वर गेलो.

गेल्या दिवाळीत मुलगा आला तेव्हा त्याला घेऊन पुन्हा गेलो. त्याला कारण होते. त्याने येतानाच एक बेत आणला होता. माठाच्या जागी विजेवर चालणारा मोठा कूलर बसवायचा, आणि त्यावर आईच्या नावाची संगमरवरी पाटी. पैसे तो देणार होता. "बाबा, तुमचे गुडघे आता ऐकत नाहीत. आणि आईचं काहीतरी नाव राहायला हवं की नाही?" मला त्याला नाही म्हणवेना आणि हो म्हणवेना. म्हटले, "उद्या सकाळी जरा कान्हेरीला जाऊन येऊ."

पाऊस नुकताच सरला होता. फाटकापासून गाडी रानातून वर जाते. त्याच डोंगरांच्या कुशीत विहार आणि तुळशी हे तलाव आहेत. १८६० साली विहारचे आणि १८७९ साली तुळशीचे पाणी मुंबईला मिळू लागले. त्याच्या कितीतरी शतके आधी याच डोंगरात लोकांनी पाणी अडवले होते. कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. काळ्या कातळात कोरलेली, दोन हजार वर्षांपूर्वी सुरू होऊन जवळजवळ हजार वर्षे चालू राहिलेली. पावसाळ्यात भिक्षूंनी एका जागी राहायचे, म्हणून ही वस्ती. आणि लेण्यांच्या दाराशी ठिकठिकाणी पाण्याची टाकी खोदलेली आहेत. डोंगरमाथ्यावर पडलेले पाणी कातळातल्या पन्हळींतून उतरत त्यांत येते. त्या दिवशी टाकी काठोकाठ भरली होती.

मुलगा इंजिनिअर आहे. तो पन्हळींचा उतार पाहण्यात रंगून गेला. मी त्याला भिंतीवरची ब्राह्मी अक्षरे दाखवली. मोठे चैत्यगृह बांधवणारा गजसेन नावाचा व्यापारी आणि त्याचा भाऊ. कल्याणचा सामिदत नावाचा एक सोनार, त्याने दिलेले पाण्याचे टाके. सातकर्णी राजाच्या राणीच्या लेखात सतेरक नावाच्या अमात्याने दिलेले टाके. राणीच्या शेजारी सोनार, आणि टाकी दोन्ही सारखीच थंड! कुणी शेत देई, कुणी रक्कम ठेवी. तिला 'अखयनीवी' म्हणत, म्हणजे मुद्दलाला हात लावायचा नाही, उत्पन्नातून पावसाळ्यात भिक्षूंना वस्त्रे द्यायची. हिशेबाच्या माणसाला यात किती आनंद झाला असेल, ते वाचकांनीच ताडावे. टाक्याला त्या लेखांत शब्द आहे 'पोढी'. पाण्याची पोढी आणि आपली पाणपोई, कानाला किती जवळच्या वाटतात! भाषाशास्त्री रागावणार असतील, तर मी शब्द मागे घेतो, पाणी घेणार नाही.

"म्हणजे यांनीही नावं घातलीच की!" मुलगा म्हणाला. त्याचे म्हणणे बरोबर होते.

"घातली," मी म्हटले, "पण पुढं काय लिहिलंय ते ऐक. कित्येक लेखांत देणारा म्हणतो, हे माझ्या आईवडिलांसह आहे. त्यांच्यासाठी, आणि सर्व जीवांच्या हितासुखासाठी. सर्व म्हणजे सर्व. कुणी लांब उभं राहायचं नाही."

तो काही बोलला नाही. मग मी त्याला दुसरा शब्द सांगितला. हे लोक आपल्या देणगीला 'देयधम्म' म्हणत. दान म्हटले की देणारा ओटीवर आणि घेणारा अंगणात, असे काहीसे डोळ्यांपुढे येते. देय म्हणजे जे द्यायचेच आहे ते. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर ही रक्कम मुळात जमेच्या बाजूला कधी नव्हतीच, देण्याच्या बाजूलाच होती. "तुझ्या आईनं ब्राह्मी वाचली नव्हती," मी म्हटले, "पण तिनं काकांना जो शब्द सांगितला तो हाच." आणि तिथे, टाक्याच्या काठावर बसून, मी त्याला १९५७ च्या दिवाळीची गोष्ट सांगितली. आजवर ती त्याला ठाऊक नव्हती.

ऐकून झाल्यावर तो उठला. एका टाक्याच्या वरचा लेख पावसाने खाल्लेला होता. चारदोन रेघा तेवढ्या उरल्या होत्या. तो त्यांवरून बोट फिरवत म्हणाला, "इथं कुणाचं नाव होतं?"

"कळत नाही."

त्याने वाकून टाक्यात पाहिले. पाण्यात आभाळ होते.

परत येताना तो कूलरविषयी बोलला नाही. संध्याकाळी बाहेर गेला, तो स्टेशनावरून खांद्यावर एक नवा लाल माठ घेऊन आला. म्हणाला, "एक भिजत ठेवू, एक वापरू. आणि कळशी मी आहे तोवर मी नेईन. पुढचं काकांच्या नातवाशी बोललोय." गुडघ्यांचा प्रश्न अशा रीतीने सुटला. पाटीचा विषय मी काढला नाही आणि त्यानेही.

मी आता आस्तिक झालो का, असे कुणी विचारले, तर मला नीट सांगता येणार नाही. पूजेच्या वेळी मी अजूनही वर्तमानपत्र वाचतो. मात्र आता पूजा मलाच करावी लागते, त्यामुळे वर्तमानपत्र नंतर वाचतो. एवढे खरे, की उद्या सकाळी कुणीतरी तहानलेला या वाटेने येईल आणि आपण भरलेले पाणी त्याच्या उपयोगी पडेल, हा भरवसा माझ्या मनात पक्का आहे. तिचा देव याहून फार वेगळा असेल, असे मला वाटत नाही.

नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी मुलाने आणि त्याच्या बायकोने पणत्या लावल्या. उंबरठ्याशी दोन, तुळशीपाशी एक, गॅलरीत ओळीने. तिची एक रीत होती, एक पणती माठाशी ठेवायची. ती कुणी त्यांना सांगितली नव्हती, पण सुनेने एक पणती उचलली आणि खाली नेऊन तिवईच्या पायाशी ठेवली. आम्ही गॅलरीत उभे होतो. तेवढ्यात पाठीवर भलामोठा चौकोनी थैला घेतलेला एक पोरगा सायकलवरून उतरला. त्याने ओगराळे बुडवले, पेला भरला, घटाघटा प्याला. पणतीला पाय लागू नये म्हणून जरा बाजूला सरकून दुसरा पेला भरला, आणि तो मात्र सावकाश प्याला.

मुलगा म्हणाला, "बाबा, कोण हो तो?"

मी म्हटले, "तहानलेला."